परदेशातल्या मंदिरात पुजारी म्हणून जायचे आहे. नित्यकर्म, श्रद्धा आणि घर कसे सांभाळता येते?

केरीचा_ऋग्वेदी

नमस्कार. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या केरीचा, वय २६. आठ वर्षे पाठशाळेत राहून ऋग्वेद संहिता आणि याज्ञिकी शिकलो. सध्या फोंड्याकडच्या एका देवस्थानात नित्यपूजेला मदत करतो, शिवाय बाहेरची कार्ये असतातच.

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका मंदिराने मला बोलावले आहे. व्हिडिओवर मुलाखत झाली. रुद्र आणि श्रीसूक्त म्हणून दाखवायला सांगितले, व्यंकटेशाचा अभिषेक येतो का विचारले, मोटार चालवता येते का विचारले. धर्मसेवकांसाठी असलेल्या आर-१ व्हिसासाठी तिथूनच अर्ज करणार आहेत.

घरी आईवडील आहेत. वडिलांचे गुडघे गेलेत, तरी कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, रोज उतरतात. गावच्या देवळात संध्याकाळचा दिवा आमच्या घरातून जातो. मी गेलो तर तो कोण लावणार, हे आई तोंडाने विचारत नाही, पण मला दिसते. लग्न ठरले आहे, अजून व्हायचे आहे.

मला पगाराबद्दल विचारायचे नाही. तिथे संध्या वेळेवर होते का? परक्या पद्धतीच्या मंदिरात आपली उपासना टिकते का? आणि घरी काही बरेवाईट झाले तर माणूस काय करतो? जे स्वतः राहून आले आहेत त्यांनी कृपया लिहावे.

वाळपईकर

तरुण माणसा, एक गोष्ट आधी लक्षात घे. धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांत कलिवर्ज्यांच्या, म्हणजे कलियुगात करू नयेत अशा गोष्टींच्या, यादीत समुद्रयात्रा येते. आमचे आजोबा मुंबईलासुद्धा बोटीने गेले नाहीत. इथे गोव्यात देवळे कमी आहेत का? याज्ञिकी करणारी मुले मिळत नाहीत म्हणून सत्यनारायणालासुद्धा दोन-दोन महिने आधी सांगावे लागते. शिकलेला मुलगा बाहेर गेला तर गावच्या देवापुढे कोण बसणार? रागाने लिहीत नाही. काळजी वाटते म्हणून लिहितो.

बांदिवड्याचा_भट

केरीच्या बाबा, तुझा प्रश्न काल रात्री वाचला आणि जुने सगळे वर आले, म्हणून सविस्तर लिहितो. मी २०११ ते २०१६ अशी बरोबर पाच वर्षे मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळच्या एका मंदिरात होतो. व्हिसा पहिल्यांदा ३० महिन्यांचा मिळाला, मग वाढवून एकूण पाच वर्षे झाली. मुदत संपली तसा परत आलो. आता बांदिवड्याला घरी राहून कार्ये करतो.

वाळपईकरांना आधी उत्तर देतो. तुमची काळजी खरी आहे आणि गावच्या देवळाचा मुद्दा मला अजून टोचतो. पण समुद्र ओलांडल्याने उपासना बुडते हे मला पटत नाही. आपल्या गोव्यात देवांनीच स्थळे सोडली आहेत. मंगेश कुठ्ठाळीहून १५६० साली प्रियोळला आला. शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला आणि आमचा रामनाथ लोटलीहून बांदिवड्याला आला. पोर्तुगीजांच्या हद्दीतून रातोरात मूर्ती हलवणाऱ्यांनी नवी जागा पाहिली, शेणाने सारवली आणि पूजा पुढे चालू ठेवली. आम्ही त्याच पूजेवर जगलेली माणसे आहोत.

आता संध्या. डेट्रॉइटला डिसेंबरच्या शेवटी सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि जूनमध्ये रात्री सव्वानऊला मावळतो. आमचे मंदिर रात्री साडेआठला बंद होई. म्हणजे शेजारती करून देव निजवलेला आणि सूर्य अजून झाडांच्या वर. पहिल्या जूनमध्ये मी फार गोंधळलो. वडिलांना फोन केला. ते म्हणाले, ‘घड्याळ बाजूला ठेव. तुला जिथून सूर्य दिसतो तिथला धर.’ मग मी कुलूप लावून मागच्या पार्किंगच्या कडेला, मेपलच्या झाडांकडे जाऊन बसायचो आणि वाट पाहायचो. दिवसभर गाभाऱ्यात असूनही मन लागायचे नाही, ते तिथे लागायचे.

तिथीचेही तसेच. तिथी संपते तो क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच, पण सूर्योदय जागोजागी वेगळा. इथे बुधवारी सकाळी सातला संपणारी तिथी तिथे उन्हाळ्यात मंगळवारी रात्री साडेनऊलाच संपलेली असते. म्हणून एकादशी, चवथ पुष्कळदा एक दिवस आधी येते. घरचा फोन येतो की आज चवथ, आणि तुझी काल होऊन गेलेली असते. तिथल्या अक्षांशाचे पंचांग वापर आणि लोकांना कारण समजावून सांग. मुलांना ते फार आवडते. संकल्पसुद्धा बदलतो. दंडकारण्य आणि गोदावरीचा दक्षिण तीर सोडून आम्ही ‘क्रौंचद्वीपे रमणकवर्षे ऐंद्रखंडे’ म्हणत असू. पहिल्या दिवशी माझी जीभ ‘रामक्षेत्रे’वर अडली. सहकारी पुजाऱ्याने हळूच पुढचा शब्द दिला. ते तेलुगू, वैखानस या दाक्षिणात्य विष्णुपूजेच्या परंपरेतले, वयाने मोठे. मूर्तीचा शृंगार, नैवेद्याचा क्रम, सगळे त्यांच्या पद्धतीने असे. मी सहा महिने फक्त पाहिले आणि हातात भांडी दिली. तूही तसेच कर. आपले बरोबर आणि त्यांचे चूक असे मनात आले की आपला संपूर्ण दिवस नासतो.

बारीकसारीक बदल खूप असतात. होम करायचा तर धुराची सूचना देणारे यंत्र त्या कंपनीला फोन करून तात्पुरते बंद ठेवायला सांगावे लागते, नाहीतर पूर्णाहुतीला अग्निशमनाची गाडी दारात. दूर्वा त्या थंडीत टिकत नाहीत. लोक हिरवळीतले कुठलेही गवत आणून देतात, ते घेऊ नकोस, अक्षता वाहा. तुळस हिवाळाभर घरात दिव्याखाली ठेवावी लागते. चवथीला मी एकदा माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगतात ती फळाफुलांची चौकट, बांधली. माट्टी नाही, कांगल नाही, आंबाडे नाहीत. मक्याची कणसे, सफरचंदे, बागेतल्या माणसांनी आणलेले रंगीत भोपळे आणि भारतीय दुकानातली सुपारी. बांधता बांधता रडू आले आणि बांधून झाल्यावर खूप शांत वाटले. गोव्याचे एकच कुटुंब होते. त्यांची आजी माटोळीखाली येऊन किती वेळ वर बघत उभी राहिली होती.

श्रद्धेबद्दल विचारलेस. ती तिथे आटते ती परक्या देशामुळे आटत नाही. पूजा फार होतात म्हणून आटते. शनिवारी सकाळी तीन अभिषेक, दुपारी कोणाची तरी वास्तुशांत, चाळीस मैलांवर. परत आलो की पार्किंगमध्ये नव्या गाडीची पूजा, चाकांखाली लिंबे. सगळ्यांचे गोत्र, सगळ्यांचा संकल्प. पहिल्या हिवाळ्यात एका शनिवारी रात्री लक्षात आले की मी दिवसात तीनदा रुद्र म्हटला आणि एकदाही ऐकला नाही. तोंड म्हणत होते आणि मी बर्फ साफ करायचा विचार करत होतो. त्या रात्री भीती वाटली.

निघताना वडिलांनी एक लहानसा बाण, म्हणजे शिवलिंग म्हणून पुजतात तो नर्मदेतला गोटा, आणि तांब्याचे ताम्हन दिले होते. ते तोवर ट्रंकेत कापडात गुंडाळलेले होते. दुसऱ्या दिवसापासून पहाटे साडेचारला खोलीत त्याची पूजा सुरू केली. यजमान नाही, पावती नाही, आमच्या घराण्याच्या गोत्राखेरीज गोत्र नाही. वीस मिनिटे. आजारी असलो तर नुसते पाणी आणि एक बेलाचे वाळलेले पान. पाच वर्षांत हे सोडले नाही म्हणून बाकीचे टिकले. तुझ्याकडे असे काही असेल ते ट्रंकेत ठेवू नकोस.

आता जे तू शेवटी विचारलेस. ते मी थोडे मागून सांगतो.

आपल्याकडे देवपूजेचा भट आणि अंत्यक्रियेचा भट वेगळे. तिथे तशी वाटणी नसते. २०१२ च्या फेब्रुवारीत वयाने सत्तरीच्या घरातले एक मराठी गृहस्थ रात्री माझ्या दारात आले. मूळचे देवगडचे. पत्नी गेली होती. मराठीत बोलून, आपल्या पद्धतीने विधी करणारा कोणीतरी हवा म्हणाले. मंदिराच्या माणसांना पुजाऱ्याने तिकडे जाणे पसंत नव्हते आणि मलाही अवघड वाटत होते. मी ते कर्म कधी केलेलेच नव्हते. त्यांना बसवले आणि वडिलांना फोन लावला. तिथे रात्रीचे नऊ, इथे सकाळचे साडेसात. वडील पूजेला बसायच्या तयारीत होते. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘त्यांच्या गावचा भट तिथे येणार आहे काय? नाही ना. मग तूच त्यांचा भट. जा. घाईने म्हणू नकोस. परत आल्यावर सचैल, अंगावरच्या वस्त्रांसकट, स्नान कर आणि जपाला बस.’ मग फोनवरून पाऊण तास त्यांनी मला क्रम सांगितला, मी वहीत लिहून घेतला.

तिथे लाकडे नसतात. गॅसची भट्टी असते आणि बाहेर भिंतीवर एक बटण. मुलगा कॅलिफोर्नियाहून आला होता. त्याचा हात बटणावर, नजर माझ्याकडे, कधी दाबू म्हणून. पोथीत याचे उत्तर नाही. मी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले ‘मैनमग्ने वि दहो’ म्हटले आणि मराठीत त्याला अर्थ सांगितला, की अग्नीला आपण विनवतो आहोत, हिला फार भाजू नकोस, हिला पितरांकडे नीट पोचव. त्याने मान हलवली, मी मान हलवली, आणि मग त्याने बटण दाबले. पाठशाळेत ते सूक्त मी शेकडो वेळा म्हटले होते. अर्थ त्या दिवशी कळला.

२०१४ मध्ये, नवरात्राला आठवडा असताना, वडील गेले. भावाचा फोन आला तेव्हा मी नैवेद्याचा भात उतरवत होतो. व्हिसाची मुदत वाढली होती, पण ती कागदावर. पासपोर्टवरचा शिक्का जुना, संपलेला. म्हणजे बाहेर पडलो असतो तर परत येण्यासाठी मुंबईला वकिलातीत नव्याने शिक्का घ्यावा लागला असता, आणि तो कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. हे आधी कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. धाकट्या भावाने अग्नी दिला. मी गेलो नाही. तो निर्णय बरोबर होता का, याचे उत्तर मला आजही सापडलेले नाही.

दहा दिवस सुतक. गाभाऱ्यात जायचे नाही, खोलीत बसायचे. तिसऱ्या दिवशी एक शंका आली, तिलांजली तळ्याच्या पाण्यात द्यावी की घरीच. मी सवयीने फोन उचलला आणि वडिलांचे नाव काढले. बोट तिथेच थांबले. विचारायचा माणूसच गेला होता. ते दुःख मला अग्नी न दिल्याच्या दुःखाहून मोठे वाटले, खरे सांगतो.

शेवटी पाठशाळेतल्या गुरुजींना फोन लावला. ते नव्वदीकडे झुकलेले, ऐकू कमी यायचे. त्यांच्या सुनेने प्रश्न मोठ्याने सांगितला. त्यांनी उत्तर दिले आणि म्हणाले, ‘रोज या वेळी फोन कर.’ मी दहाही दिवस केला. दहाव्या दिवशी लेक सेंट क्लेअरच्या काठी मला गाडीतून कोणी नेले असेल? तेच देवगडचे गृहस्थ. त्या दहा दिवसांत बहुतेक रोज त्यांनी ऊन भात आणि कुळथाचे पिठले आणले. आणि संपूर्ण नवरात्राची तयारी त्या तेलुगू सहकाऱ्यांनी एकट्याने केली, मला एकदाही कधी येणार असे विचारले नाही.

म्हणून तुला माझे सांगणे एवढेच, की अडल्यावर विचारायला इथे माणसे ठरवून ठेव. एक नव्हे, दोन. नियम आणि समोरचा माणूस यांत तिढा पडतो तेव्हा पुस्तक पुरत नाही, आणि एकट्याने ठरवले की मन वर्षानुवर्षे कुरतडते. गुरुजींच्या पाया पडायला जाशील तेव्हा स्पष्ट विचारून घे, अडल्यावर फोन केला तर चालेल का, कोणत्या वेळी.

आणखी एक. तुझा पासपोर्ट तुझ्याजवळ ठेव. सुरक्षित राहील म्हणून कोणी कपाटात ठेवायला मागितला तरी नम्रपणे नाही म्हण. माझ्या ओळखीच्या एका पुजाऱ्याला यावरून फार मनस्ताप झाला. राहण्याची जागा, सुट्टीचा दिवस, आजारपणाचा विमा, घरोघरच्या पूजेची दक्षिणा कोणाची, हे सगळे लिहून घे. देवाच्या कामाला जाताना असे विचारू नये असे आपल्याला वाटते. विचारावे.

म्हार्दोळची_जाई

भटजींचे वाचून डोळे भरले. मी पुजाऱ्याची बायको म्हणून लिहिते. आम्ही न्यू जर्सीत चार वर्षे होतो. भाऊ, तुझे लग्न व्हायचे आहे म्हणतोस, तर हे तुझ्या होणाऱ्या बायकोला वाचायला दे.

तिला आर-२ व्हिसा मिळेल. त्यावर नोकरी करता येत नाही, शिकता येते. मी इथे शाळेत शिकवत होते. तिथे पहिले सहा महिने सकाळी खिडकीत बसून बर्फ बघायचे आणि देवळातून हे कधी येतात याची वाट पाहायची. सणाच्या दिवशी सगळ्यांचे घर भरलेले, आणि आमच्या घरात मी एकटी, कारण सणाच्या दिवशी पुजारी घरी नसतो. हे तिला आधी सांग.

मग मी सार्वजनिक वाचनालयात इंग्रजीच्या फुकट वर्गाला जाऊ लागले. तिथे इक्वेडोरच्या एका बाईशी मैत्री झाली. ती रोज सकाळी चर्चला मेणबत्ती लावायची आणि मी तिला आमच्या म्हाळसेच्या जायांच्या पूजेचे फोटो दाखवायचे. नुसत्या जाईच्या कळ्यांनी देऊळ भरते हे तिला खरे वाटेना. दोघींचे इंग्रजी कच्चे, पण देवाबद्दल बोलायला पुरायचे. रविवारी देवळात मुलांना श्लोक शिकवू लागले, तेव्हापासून ते देऊळ माझेही झाले.

सांकवाळकर

विषय थोडा बाजूचा आहे, पण राहवत नाही. आमच्या गावात संत जोसेफ वाझ यांचे स्थान आहे. बाणावलीत १६५१ साली जन्मलेला हा गोव्याचा माणूस धर्मकार्यासाठी श्रीलंकेला गेला, भिकाऱ्याच्या वेशात फिरला, कँडीच्या राजाच्या कैदेत राहिला आणि १७११ साली तिथेच वारला. परत आला नाही. २०१५ साली कोलंबोत पोपनी त्यांना संतपद दिले तेव्हा आमच्या शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या मावशीने आम्हा सगळ्यांना पेढे वाटले. तिचा एक भाऊ आफ्रिकेत धर्मगुरू होता, तीसेक वर्षे. पत्र यायचे ते कोकणीत, रोमी लिपीत, आणि त्यात पहिला प्रश्न नेहमी एकच असायचा, पाऊस पडला का. ती मला म्हणायची, देवाच्या कामाला गेलेल्या माणसाला घरची मोठी बातमी नको असते, पावसाची हवी असते. तुझ्या आईला सांग, रोज काहीतरी बारीक सांगत जा म्हणून. सुपारी किती पडली, गाय व्याली का.

केरीचा_ऋग्वेदी

सगळ्यांचे मनापासून आभार. वाळपईकर काका, गावच्या दिव्याचे मी काल चुलत्यांशी बोललो. त्यांचा मुलगा बारावीत आहे, तो आतापासून माझ्याबरोबर येऊन शिकेल. आजच संध्याकाळी त्याला घेऊन गेलो. वात जाड झाली, पण लावली.

भटजी काका, पासपोर्टच्या शिक्क्याचे मला काहीच माहीत नव्हते. उद्याच विचारतो. दर्भ बरोबर नेता येतो का? आणि आमच्या घरी बाण नाही, आजोबांचा शाळिग्राम आहे. तो वडिलांच्या पूजेत आहे, मागायला संकोच वाटतो.

बांदिवड्याचा_भट

दर्भ, बेल, बिया, मुळ्या, जे काही वनस्पतीचे असेल ते विमानतळावर लपवू नकोस, अर्जावर लिही आणि दाखव. ठेवू दिले तर ठेव, काढून घेतले तर दे. दर्भाची पवित्रके, बोटात घालायची ती कडी, नाहीत म्हणून कर्म अडत नाही, सोन्याचे पवित्रक करून घे.

शाळिग्राम मागू नकोस. वडिलांच्या हातची पूजा त्यांच्याकडेच राहू दे, गुडघे दुखत असताना तेच त्यांना बसते करते. त्यांना एवढेच सांग की मला तिथे पूजेला काहीतरी हवे आहे. ते काय देतात ते बघ.

तिथे असताना मी दर सोमवारी एक करायचो. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ म्हणजे तिथे उन्हाळ्यात सकाळचे अकरा. मंगेशीच्या पालखीला भाऊ कधी गेला तर फोन चालू ठेवायचा, आणि मी अभिषेकाचे पाणी भरता भरता ढोल, सनई ऐकायचो. तू अजून इथे आहेस तोवर ये एकदा. येत्या सोमवारी मी पालखीला असेन, आरती झाली की दीपस्तंभाजवळ थांबतो. तुझ्या चुलतभावालाही आण. तो क्रम लिहिलेली वही अजून माझ्याकडे आहे, वडिलांनी फोनवर सांगितलेली. उतरवून घे.